दोन बोटं आभाळ

४ जून

भाऊजींना नमस्कार.

पाकीट उलटसुलट करून बघू नका. मीच आहे, तुमची वहिनी. बावीस वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे काहीतरी वाईट घडलंय असं वाटेल. तसं काही नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. शाळेत तीस वर्षं पोरांची कुरकुर ऐकली, तेवढी पुरे.

काम असं आहे. परवा प्रकाशक संघटनेचे सचिव घरी आले. ऑक्टोबरात परदेशात मोठा ग्रंथमेळा भरतो. देशोदेशीचे प्रकाशक आपापली पुस्तकं मांडून बसतात आणि एकमेकांची पुस्तकं आपल्या भाषेत नेण्याचे करार करतात. यंदा आपल्या देशाच्या प्रकाशकांनी मिळून तिथे एक दालन घेतलंय. त्यासाठी चाळीस पुस्तकं निवडली आहेत आणि त्या चाळिसांत एक आपलं आहे. ‘पावणेसातची होडी’.

मी म्हटलं, “तुमचा घोटाळा होतोय. ते आमच्या ह्यांच्या छापखान्यात छापलं, तो बंद होऊन वीस वर्षं झाली.”

तर ते गृहस्थ म्हणाले, “बाई, माझ्या मुलीला मी ते इतक्यांदा वाचून दाखवलंय की झोपेतसुद्धा म्हणेन.” आणि खरंच म्हणायला लागले. ‘बाबा वल्हं मारतात, मी माणसं मोजते.’ चांगल्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, मांडीवर फाईल, आणि गोष्टीतल्या नावाड्याच्या पोरीसारखा बोलतोय. मला हसावं की रडावं कळेना.

सोबत संमतीपत्र आहे. गोष्ट माझी, चित्रं तुमची, म्हणून सह्या दोघांच्या लागतात. शिवाय संघटना आपल्या दोघांनाही तिकडे नेणार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. मी एकटी विमानात बसले तर पट्टा लावण्यापासून सुरुवात आहे.

चित्रांच्या बाबतीत जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, आजही करते. धाकटीला आशीर्वाद सांगा.

वहिनी

१९ जून

ती. वहिनींस नमस्कार.

पत्र मिळालं. सही करून कागद परत पाठवत आहे.

मला यायला जमणार नाही. पाट्या रंगवायची कामं हातात आहेत, दुकान सोडता येत नाही. तुम्ही जाऊन या.

एक अट आहे. दालनात पुस्तक ठेवाल ते मिटून ठेवा. उघडून कोणाला दाखवू नका. मी अकरा चित्रं काढली होती. प्रत्येकात नदी खाली होती, वरचं आभाळ तिच्या दुप्पट होतं. छापून आलं तेव्हा सगळी आभाळं वरून छाटलेली. दोन-दोन बोटं गेली. पोरगी वर बघतेय आणि वर काहीच नाही. मजकुराला जागा हवी म्हणून. तुमच्या मजकुराला. ते साऱ्या देशांसमोर मांडायची मला हौस नाही.

बाकी क्षेम.

आपला,
भाऊजी

ताई, हे अक्षर माझं आहे, त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. खरं म्हणजे सांगितलं त्यातलं अर्धंच लिहिलं, उरलेलं लिहिण्याजोगं नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं पत्र आल्यापासून तीनदा वाचून घेतलंय माझ्याकडून. – धाकटी

३० जून

भाऊजी,

कागद मिळाला. आभारी आहे.

पत्र स्वतःच्या हाताने लिहावं एवढीसुद्धा माझी किंमत उरली नाही, हे कळलं. बायकोकडून लिहून घेतलंत. सही तेवढी केलीत, तीही अशी की कोणीतरी जबरदस्तीने हात धरून करवून घेतल्यासारखी. मी या घरात आले तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होतात. तुमचं अक्षर मी वळवलं. दोन ओळी लिहिल्या असत्यात तर माझ्यावर उपकार झाले नसते.

असो. भांडायला कागद घेतला नव्हता.

सचिवांनी विचारलंय की मूळ चित्रं तुमच्याकडे आहेत का. दालनाच्या मागच्या भिंतीवर एक चित्र माणसाहून उंच छापून लावायचं त्यांच्या मनात आहे. चाळीस पुस्तकांतून त्यांनी आपलं सतरावं पान निवडलं, मधल्या पात्रात होडी आहे ते. मूळ चित्रावरून छापलं तर आभाळ अख्खं येईल. ते मी स्वतः उभी राहून बघेन. एक इंच जरी कापला तरी मी त्या भिंतीला पाठ लावून बसेन आणि उठणार नाही.

द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वहिनी

१४ जुलै

ती. वहिनींस,

चित्र पाठवलं आहे. नळीत घातलंय. काढताना ओढू नका, नळी आडवी धरून फिरवत काढा. हात कोरडे हवेत. सचिवांना सांगा की निळा रंग छापताना जांभळ्याकडे झुकतो, त्यांनी तो झुकू देऊ नये.

त्या आभाळाला मला तीन आठवडे लागले होते. रोज पावणेसातला धक्क्यावर जाऊन उभा राहायचो. खरा नावाडी मला म्हणायचा, “बसायचं असेल तर बस, नाहीतर बाजूला हो.” आठव्या दिवशी मी बसलो. मधल्या पात्रात गेल्यावर त्याने वल्ही आत घेतली आणि म्हणाला, “इथे मी रोज जरा थांबतो.” का, ते मी विचारलं नाही. पण मला पान सतरा तिथे मिळालं. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

जपून न्या, जपून आणा.

भाऊजी

ताई, कपाटातून काढलं आणि नळीत घालायच्या आधी तासभर समोर ठेवून बसले होते. जेवायलासुद्धा उठेनात. खरं सांगायचं तर त्यांना यायचं होतं, पण

(इथली ओळ त्यांनी मला खोडायला लावली. – धाकटी)

१२ ऑक्टोबर

भाऊजी,

मी पोचले. पट्टा शेजारच्या बाईने लावून दिला.

हे पत्र दालनात बसून लिहिते आहे. मेळा म्हणजे काय ते घरी बसून कळत नाही. एकेक सभागृह एवढं की या टोकाचा माणूस त्या टोकाला मुंगीएवढा दिसतो, आणि अशी सहा सभागृहं. आपलं दालन तीन फळ्या, दोन टेबलं, सहा खुर्च्या आणि पायाखाली करड्या रंगाचं जाजम. शेजारच्या देशाकडे कॉफीचं यंत्र आहे. लोक तिकडे कॉफी घेतात आणि कप आपल्या कवितासंग्रहांवर ठेवतात. सचिव दिवसभर फडकं घेऊन फिरतात.

वरच्या पाटीवर आपल्या देशाच्या नावातलं एक अक्षर गाळलं होतं. सचिवांनी कपाळाला हात लावला. मी खुर्चीवर चढून जाड पेनाने ते अक्षर घातलं. वाकडं आलं. तुमची फार आठवण झाली. तुम्ही असतात तर लोकांनी पाटी बघायलाच गर्दी केली असती.

पहिल्या दिवशी आपल्याकडे सतरा माणसं आली. त्यातल्या अकरा जणांनी बाहेर जायचा रस्ता विचारला. आपले प्रकाशक बिचारे सूट घालून, हसून हसून गाल दुखेपर्यंत बसले. प्रत्येक भेट अर्ध्या तासाची. समोरचा घड्याळ बघतो, आपला पुस्तक पुढे सरकवतो, समोरचा ते परत सरकवतो. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं, दोन्हीकडे अवघडलेपण.

आणि मग तुमचं चित्र. भाऊजी, ते छताला टेकलंय. एक तसूभरही कापलेलं नाही. माणसं चालता चालता थांबतात. मी मोजायला लागले, नंतर मोजणं सोडून दिलं. काल एक बाई आली, माझ्याच वयाची. चालून पाय सुजले म्हणून बूट हातात घेतले होते. ती चित्रासमोर जाजमावर सरळ बसलीच. वीस मिनिटं. मग पुस्तक मागितलं. तुमची अट मोडून मी ते उघडून दिलं, त्याबद्दल रागवायचं तर रागवा. तिची छोटीशी प्रकाशन संस्था आहे, मुलांची पुस्तकं काढते. आज ती दुभाष्या मुलीला घेऊन परत आली होती.

तिला आपलं पुस्तक हवं आहे. बोलणी चालू आहेत.

सविस्तर घरी गेल्यावर लिहीन.

वहिनी

२५ ऑक्टोबर

ती. वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पाटीचं वाचून हसलो. खुर्चीवर चढायचं वय आहे का तुमचं?

शेवटच्या ओळी वाचल्या. चार पानं भरभरून लिहिणारी बाई ‘बोलणी चालू आहेत’ एवढ्यावर थांबते, म्हणजे काय ते मला कळतं. त्या बाईला गोष्ट हवी आहे, चित्रं नकोत. भिंतीवर बघायला चित्र चांगलं, पण पुस्तकात आमच्याकडचा चित्रकार घालू, असं म्हणाली असेल. आणि मला कसं सांगावं म्हणून तुम्ही घुटमळत असाल.

वहिनी, देऊन टाका. माझ्याकडून अडवणूक नाही. ती गोष्ट त्या देशातल्या मुलांनी वाचली पाहिजे. चित्रं कोणाचीही असू देत. गोष्ट तुमची आहे आणि ती चांगली आहे. रागाच्या भरात गेल्या बावीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हाही मला ते माहीत होतं.

आणि आणखी एक. नवी चित्रं मागितली असतील तरी मला काढता येणार नाहीत. माझा उजवा हात दोन वर्षं थरथरतो. डॉक्टर म्हणतात, तो आता असाच राहणार. कप धरता येतो, अर्धा भरलेला. ब्रश धरता येत नाही. दुकानातल्या पाट्या धाकटी रंगवते. मी मागे बसून ओरडतो. म्हणून पत्रं तिच्या अक्षरात येतात. म्हणून सही तशी. आणि म्हणून आलो नाही. परक्या देशात चारचौघांसमोर सांडत बसायचं नव्हतं मला.

हे लिहायला सांगताना धाकटी रडतेय. तिला म्हटलं, शाई पसरेल.

भाऊजी

३ नोव्हेंबर

अरे रंगोबा,

भाऊजी-बिऊजी राहू दे आता. चौदा वर्षांचा होतास तेव्हा भिंतीवर कोळशाने माझी आणि ह्यांची चित्रं काढायचास, तेव्हा मी तुला हेच म्हणायची.

आधी हाताचं. दोन वर्षं! आणि मी मूर्खासारखी तुला अक्षरावरून टोचून बोलले. माझं ते पत्र घरात असेल तर फाडून टाक. मी आजन्म मुलांच्या वह्या तपासल्या आणि मला एक सही वाचता आली नाही.

आता दुसरं. तू उलटं धरलंस. सगळंच उलटं. त्या बाईला चित्रं हवी आहेत. गोष्टच नकोय.

दुभाष्या मुलीने चाचरत सांगितलं, “त्या म्हणतात, चित्रं सगळं सांगतात. शब्द त्यांच्या आड उभे राहतात.” मी म्हटलं, “पुन्हा सांग.” तिने पुन्हा सांगितलं, तेच सांगितलं. मी दालनाच्या मागे, जिथे रिकामी खोकी रचली होती, तिथे जाऊन उभी राहिले. मग दालनात परत येऊन तुला लिहायला घेतलेलं पत्र घाईने आटपलं. खोटं लिहिलं नाही, खरंही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडायच्या आधी मी एकटी जाऊन त्या बाईसारखी जाजमावर बसले. गुडघ्यांनी बोंब मारली. वर बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि मला पटलं, रंगोबा. होडी मध्ये थांबली आहे, पोरगी वर बघते आहे, आणि माझा मजकूर म्हणतो, ‘होडी मध्ये थांबली. मी वर बघितलं.’ अरे, दिसतंय की ते!

मी सही केली. ‘माझ्या मजकुराशिवाय चित्रं छापायला हरकत नाही.’ तुझ्या सहीचा कागद सोबत आहे. सही कशीही आली तरी चालेल, मी सचिवांना सांगितलंय.

त्या बाईला पानांचा नेमका क्रम हवा आहे. छापखान्यातल्या जुन्या कच्च्या छाप्यांचं गाठोडं ह्यांच्या कपाटात होतं. हे गेल्यापासून मी ते उघडलेलं नाही, माझ्याने होत नाही. सुतळीसकट तसंच तुझ्याकडे पाठवते. मूळ चित्रं तुझ्याजवळ आहेत, तूच लावून बघ.

तुझी वहिनी

१५ नोव्हेंबर

वहिनी,

हे मी लिहितोय. माझ्या हाताने. धाकटीला बाहेर पाठवलं. सकाळपासून एवढंच झालंय.

गाठोडं सोडलं. पहिल्याच छाप्यावर दादाचं अक्षर आहे. लाल पेन्सिल. ‘कागद आखूड आलाय. वरून दोन बोटं छाटा. सर्व पानं. धाकट्याला मी सांगेन.’

दादाने.

तुम्ही नाही.

तो मला कधी बोलला नाही. तुम्ही छापखान्याच्या दारात उभं राहून म्हणालात, ‘मी सांगितलं कापायला, माझा मजकूर मावत नव्हता.’ मी तुम्हाला काय काय बोललो. दादा आत होता. ऐकत होता.

तो गेला तेव्हा मी आलो. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळच्या गाडीने परत गेलो.

का केलंत असं?

कागदावर सही करणार नाही. तुमच्या शब्दांवाचून माझं एकही चित्र जाणार नाही.

रंगोबा

२४ नोव्हेंबर

प्रिय रंगोबा,

तुझी तीन-चार अक्षरं मला लावावी लागली. बाकी सगळं वाचता आलं.

ते छाप्यावर असेल हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर गाठोडं पाठवलं नसतं. पण आता तू विचारलंस, तर सांगते.

कागद आखूड आला होता, हे खरं. नवा मागवायचा तर पुस्तक दोन महिने लांबलं असतं. त्याच आठवड्यात ह्यांच्या छातीचा फोटो काढून आणला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि ह्यांनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं. ह्यांना ते पुस्तक डोळ्यांनी बघायचं होतं. एवढीच घाई होती, दुसरी नाही. छाटायला सांगून घरी आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, “तो मला कधी माफ करणार नाही. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय, त्याच्यासमोर हे मला सांगवणार नाही.” मग म्हणाले, “तू तुझ्या नावावर घे. वहिनीवर तो चार दिवस रागावेल. माझ्यावर रागावला तर जन्मभर रागावेल.”

चार दिवसांचा हिशेब दोघांचाही चुकला.

आजाराचं तुला सांगू नको म्हणाले. शेवटपर्यंत रोज म्हणत, या आठवड्यात त्याला बोलावतो आणि सगळं सांगतो. तो आठवडा आला नाही. नंतर मी सांगायचं तर गेलेल्या माणसाची चुगली केल्यासारखं होणार. आणि खरं सांगू? तुझा दादा तुझ्यापुरता तरी बिनडागाचा राहावा, असं मला वाटत होतं. तुला वडील आठवत नाहीत. तुला तोच एक होता.

ह्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं असेल तर चार दिवस रागाव. तेवढी परवानगी ह्यांनीच देऊन ठेवली आहे.

आता सहीचं. हट्ट करू नकोस. माझे शब्द गेले म्हणून मी रडले, खोटं कशाला बोलू, पण एकदाच. तुझी चित्रं कपाटात पडून राहिली तर मी रोज रडेन.

वहिनी

१२ डिसेंबर

ती. वहिनींस नमस्कार.

चार दिवस रागावलो. पाचव्या दिवशी दादाची ती लाल ओळ काच लावून दुकानात टांगली. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, माझ्या भावाचं अक्षर आहे. वळण बघा त्याचं. तुम्हाला अक्षर त्याच्याइतकं कधी जमलं नाही, वहिनी, हे मात्र सांगतो.

आता बातमी. मी सही करण्याआधी त्या बाईंना एक पत्र धाडलं, दुभाष्या मुलीच्या पत्त्यावर. त्यात सगळं लिहिलं. दादाचं, कागदाचं, दोन बोटांचं. आणि लिहिलं की मजकूर चित्राच्या आड आला तो वहिनींचा दोष नाही, आभाळ कापल्यामुळे शब्द खाली सरकले आणि नदीवर चढले. मूळ रचनेत शब्दांना आभाळात जागा ठेवलेली होती. मीच ठेवली होती. तुम्ही लिहाल ते मावेल एवढी.

काल उत्तर आलं. त्या म्हणतात, मोकळ्या आभाळात ओळी बसवून बघितल्या. दोन पानांवर छान बसतात. बाकीच्या पानांवर अजूनही नकोच वाटतात. म्हणून चित्रं सलग, मध्ये फक्त त्या दोन पानांवर ओळी, आणि तुमची अख्खी गोष्ट शेवटी स्वतंत्र पानांवर. म्हणजे मुलांनी आधी बघायचं आणि मग वाचायचं. बाई तुमच्याइतकीच हट्टी दिसते.

माझं मत विचाराल तर ती बरोबर आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. ‘हो’ एवढंच लिहून पाठवा. चार पानं नकोत.

रंगोबा

ताई, ‘चार पानं नकोत’ हे त्यांनी हसत सांगितलं. तुम्ही पाठवाच. – धाकटी

१९ डिसेंबर

रंगोबा,

हो.

वहिनी

१७ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

हे पत्र माझं आहे. मागे बसून कोणी सांगत नाहीये. एवढ्या पत्रांत मी कोपऱ्यात दोन ओळी लिहायची, त्यामुळे अख्खा कागद समोर घेतला तर काय लिहावं तेच सुचेना.

तिकडच्या बाईंनी मुखपृष्ठासाठी नवं चित्र मागितलं होतं, हे तुम्हाला कळवलं नव्हतं. यांनी नको म्हटलं. पत्र खणात ठेवून दिलं आणि आठवडाभर तो खण उघडला नाही. मग एका सकाळी मला म्हणाले, “बस.” मी म्हटलं, “कुठे?” म्हणाले, “कागदासमोर. अजून कुठे?”

ताई, मी पाट्या रंगवते. ‘दुरुस्तीसाठी बंद’, ‘इथे वाहन लावू नये’. चित्र मी कधी काढलेलं नाही. यांनी सांगायचं आणि मी काढायचं, असं ठरलं. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. “नदी म्हणजे रस्ता आहे का? एवढी सरळ?” मी ब्रश ठेवून आत निघून गेले. मग हे आत आले, आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. थरथरतो तो. म्हणाले, “हा घेऊन बघू.” त्यांचा हात माझ्या हातावर, आणि ब्रश माझ्या हातात. रेघ काढली ती थरथरतच आली. आणि ताई, ती पाण्याची रेघ झाली. वारा असलेल्या पाण्याची. आम्ही दोघं बघतच राहिलो.

मग बारा दिवस तसंच. पाणी दोघांनी काढलं. होडी मी काढली, माझ्या मनाने. नावाड्याशेजारी मी त्याची बायको बसवली. गोष्टीत ती कुठेच नाही, मला नेहमी वाटायचं, ती कुठे असते? यांनी बघितलं. मला वाटलं, आता हा कागदही फाडणार. पण म्हणाले, “बसू दे तिला. दादा असता तर तोही बसू दे म्हणाला असता. वहिनींना मात्र विचार, त्यांची गोष्ट आहे.” म्हणून विचारते. बसू दे ना?

चित्र गेलं आणि काल तिकडून पत्र आलं. त्यांना फार आवडलंय. त्यांनी विचारलंय की गोष्ट तुमची, आतली चित्रं यांची, तर मुखपृष्ठाच्या चित्राला कोणाचं नाव घालायचं? मी म्हटलं, यांचंच घाला. हे माझ्यावर इतके ओरडले की शेजारची मंडळी डोकावली. म्हणाले, “नाव तुझं जाईल. काय लिहायचं ते तू ठरव.”

ताई, या दोन वर्षांत मी गावभर लोकांची नावं रंगवली. डॉक्टरांची, वकिलांची, शिंप्यांची. स्वतःचं कुठे लिहायची वेळ आली नाही. सकाळपासून माहेरचं लिहून बघितलं, सासरचं लिहून बघितलं, दोन्ही एकत्र लिहून बघितलं. एवढं लांब झालं की होडीच्या बाहेर जाईल. शेवटी नुसतं माझं नाव लिहिलं, आईने ठेवलेलं, पुढे-मागे काही नाही. सोबतच्या कागदावर आहे. यांना अजून दाखवलेलं नाही, आधी तुम्हाला पाठवते.

तुम्ही अक्षरं वळवता ना. बरोबर आलंय का, तेवढं बघून कळवा.